मंडळाची पेटी

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या बी.डी.डी. चाळीतल्या एका तरुणाचा फोन आला. "काका, जयभीम. मंडळाची खोली खाली करतोय. कॅरम गेला, टेबल गेलं, पंखाही एकाने नेला. पण एक पत्र्याची पेटी आहे, ती कुणी न्यायला तयार नाही. आत जुने कागदच आहेत. रद्दीवाल्याला बोलावू का?"

मी म्हटले, "बाबा रे, मी येईपर्यंत तिला कुणाला हात लावू देऊ नकोस."

संध्याकाळी गेलो. अर्धी चाळ रिकामी झाली होती. ज्या व्हरांड्यात आमचे बालपण गेले तिथे मोडके पलंग, गुंडाळलेल्या गाद्या, देव्हाऱ्यातून कधीच उतरलेल्या आणि मग पोटमाळ्यावर पडून राहिलेल्या वस्तू असा ढीग पडला होता. मंडळाच्या खोलीत एकच बल्ब जळत होता. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर काढल्यावर उरलेले दोन पांढरे चौकोन दिसत होते. खाली ती पेटी.

पेटी उघडली. आत समता सैनिक दलाच्या संचलनात वाजवायचा एक चेपलेला बिगुल, निळ्या कापडाची घडी, सात-आठ फोटो, भीमजयंतीच्या निमंत्रणपत्रिका, वर्गणीच्या पावतीपुस्तकांची अर्धुके आणि तीन जाड वह्या होत्या. फक्त तीन! खरे म्हणजे त्या पंधरा-सोळा असायला हव्या होत्या. बाकीच्या कुठे गेल्या हे त्या खोलीत जमलेल्या पोरांना ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. वाचकहो, आज ही गोष्ट तुमच्यापुढे कबूल करायची आहे.

१९९१ साली परमपूज्य बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा उत्साह सगळीकडे होता. मी तेव्हा मंडळाचा चिटणीस होतो. शताब्दीनिमित्त खोली रंगवायची ठरली. रंग लावायचा तर कपाट हलवले पाहिजे आणि कपाटात वाळवी लागलेल्या वह्यांचा गठ्ठा. मी रद्दीवाल्याला हाक मारली. अकरा किलो भरले. आलेल्या पैशांत कॅरमची नवी सोंगटी आणि दोन स्ट्रायकर आणले. मंडळाचे एक जुने सभासद, गिरणीतून निवृत्त झालेले, दारात उभे राहून पाहत होते. ते एवढेच म्हणाले, "अरे, त्या वह्यांत माणसं आहेत रे." आम्ही हसलो. त्यांनी खाली वाकून वरच्या तीन वह्या उचलल्या आणि घरी नेल्या. पुढे ते कालकथित झाल्यावर त्यांच्या घरच्यांनी त्या मंडळात परत आणून दिल्या असाव्यात. बाबासाहेबांची शताब्दी साजरी करायला निघालेल्या चिटणीसाने बाबासाहेबांच्या माणसांची नावे किलोने विकली. ती चूक माझी आहे.

आता तुम्ही म्हणाल, चाळीतल्या मंडळाच्या वह्या त्या काय! वर्गणी, हार-तुरे, पेट्रोमॅक्सचे भाडे, लाउडस्पीकरचा खर्च. त्यात कसला आला इतिहास? म्हणून थोडे मागे जाऊ.

मुंबईत साहेबलोकांचे क्लब होते. भायखळा क्लब १८३३ चा, बॉम्बे जिमखाना १८७५ चा. तिथे गोऱ्यांखेरीज कुणाला सभासद होता येत नसे. पुढे मरीन ड्राइव्हवर हिंदू, पारशी, मुसलमान यांचे आपापले जिमखाने झाले. आपल्या माणसाला यांतल्या कशात जागा होती? पाळवणकर बाळू यांचे उदाहरण घ्या. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करायचा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. हातात अशी जादू की पुढे हिंदूंच्या संघाला त्याच्यावाचून चालेना. मैदानात चेंडू त्याच्या हातचा चालत होता, पण चहा मात्र त्याला तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुढे राजकारणात ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, १९३७ च्या निवडणुकीत हरलेही. ते असो. पण तंबूबाहेरचे ते मातीचे भांडे आपल्याला विसरता येणार नाही.

अशा काळात बाबासाहेबांनी ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा बोलावली आणि त्याच वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. शिका, चेतवा, संघटित व्हा, हे ब्रीद आपण लेकरांना पाठ करून देतो. पण त्या सभेचे उद्देश आपण वाचले आहेत का? वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे हा एक. त्याच्या जोडीला वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग काढून समाजात संस्कृतीची वाढ करणे हा दुसरा. सामाजिक केंद्रे! म्हणजे दिवसभर गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबलेल्या माणसाने संध्याकाळी चार माणसांत बसावे, वर्तमानपत्र ऐकावे, बोलावे, खेळावे अशी जागा. बाबासाहेबांच्या लेखी ती शाळेच्या आणि वसतिगृहाच्या रांगेतली गोष्ट होती.

आणि सभेने ती केलीही. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह निघाले, हे पुष्कळांना माहीत आहे. पण याच सभेने मुंबईत एक मोफत वाचनालय आणि महार हॉकी क्लब चालवला होता, हे किती जणांना माहीत आहे? जुगार आणि दारू यांच्या नादाला लागू पाहणाऱ्या तरुणांना खेळाकडे वळवावे, हा त्यामागचा हेतू. ज्यांना दुसऱ्यांच्या जिमखान्याच्या तंबूबाहेर चहा मिळत होता, त्यांच्यासाठी बाबासाहेबांच्या संस्थेने स्वतःचा क्लब काढला. हातात काठी घेऊन येसकरकी करणाऱ्यांची पोरे त्याच हातात खेळाची काठी घेऊन मैदानात उतरली.

चरित्रग्रंथात या क्लबाला जागा मिळते ती ओळ-दोन ओळींची. त्या संघाचा कप्तान कोण, गोलात कोण उभे राहायचे, काठ्या कुणाच्या पैशांतून आल्या, पहिला सामना कुणाशी झाला, हे सारे कुठल्या तरी वहीत कुणी तरी टिपले असेलच. आपली माणसे हिशेबाला चोख. ती वही कुठल्या कपाटात होती आणि कुठल्या चिटणीसाने कोणत्या रंगरंगोटीच्या वेळी काढली, कोण सांगणार? माझ्यासारखाच एखादा असेल.

याउलट त्या भायखळा क्लबाचे पाहा. तो क्लब आता नाही. पण १९१६ साली त्याचा सबंध इतिहास पुस्तकरूपाने छापला गेला आणि ते पुस्तक ग्रंथालयात आहे. जिमखान्यांच्या इमारती तर मुंबईच्या वारसा यादीत आहेत. १९९५ साली मुंबईत वारसा वास्तूंचे नियम झाले. यादीतल्या इमारतीला दर्जा मिळतो आणि तिला हात लावायचा तर समितीकडे जावे लागते. ते चांगलेच आहे. कुणाचेही जुने जपले गेले तर आपण आनंद मानावा. पण ज्यांच्याकडे दगडी इमारत होती त्यांची आठवण कायद्याने जपली. आपला क्लब दहा बाय बाराच्या खोलीत होता, कधी जिन्याखाली होता, कधी पारावर होता. त्याला दर्जा कोण देणार? तो आपणच द्यायचा आहे.

जिथे दगडविटांची जागा होती तिथेही काय झाले ते आपण पाहिलेच. परळचे दामोदर नाट्यगृह घ्या. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ती वास्तू. कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, नाटके यांचे ते केंद्र. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी तिथे रात्री जागवल्या. बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय तिथेच होते. शंभर वर्षे उभे असलेले ते नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले. कलावंत आणि कामगार रंगभूमीवाले रस्त्यावर आले, नाट्यगृहाची जागा आणि त्याचा आकार राखा म्हणून त्यांनी आवाज उठवला. तेव्हा किती जणांनी बोलून दाखवले, की या हॉलात आमच्या चळवळीची पहिली संस्था जन्मली? नाटकवाले नाटकासाठी भांडले, ते त्यांनी योग्यच केले. आपल्या वाट्याचे आपण बोलायला हवे होते.

दादरच्या आंबेडकर भवनाचे तर आठवले तरी अंगावर काटा येतो. २५ जून २०१६ च्या रात्री पहाट व्हायच्या आत ते भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना जमीनदोस्त झाला. ज्या छापखान्याशी 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' यांचे नाते, तो सकाळी मातीचा ढिगारा झालेला लोकांनी पाहिला. जुलैत भायखळ्याहून केवढा मोर्चा निघाला! आयाबाया लेकरांना कडेवर घेऊन चालल्या. रागावण्यासारखेच ते होते. पण त्या मोर्च्यात चालताना माझ्या मनात अकरा किलो रद्दीचा आकडा फिरत होता. यंत्र लावून पाडलेले सगळ्यांना दिसते. तराजूत घालून विकलेले कुणाला दिसत नाही.

आज हे लिहायचे कारण तातडीचे आहे. बी.डी.डी. चाळी १९२० ते १९२५ च्या सुमारास बांधल्या गेल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. एकेका इमारतीत ऐंशी खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. आपल्या समाजाचे केवढे मोठे बिऱ्हाड तिथे राहिले! आता वरळी, नायगाव आणि डिलाईल रोडला पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. पाचशे चौरस फुटांचे घर, घरात संडास, घरात नळ. ज्यांच्या आयांनी पहाटे चारला उठून सामाईक नळावर हंडे लावले त्यांच्या डोळ्यांत पाणी आले असेल तर नवल काय?

मी चाळ जशीच्या तशी ठेवा म्हणणाऱ्यांतला नाही. आमच्या खोलीत आम्ही नऊ माणसे होतो. रात्री पाय पसरायला व्हरांडा. परीक्षेच्या दिवसांत अभ्यास रस्त्याच्या दिव्याखाली. असले दिवस जपून ठेवण्यासारखे नव्हेत. बाबासाहेब स्वतः १९१२ पासून परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले, दुसऱ्या मजल्यावरच्या पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या खोल्यांत. १९३४ साली ते दादरच्या राजगृहात गेले. पुस्तकांना जागा हवी म्हणून त्यांनी घर बांधले. चांगल्या घरात जाणे हा आपला हक्क आहे, तो आनंदाने घ्या. भिंती गेल्या तर जाऊ द्या. पण भिंतींबरोबर पेटीही जाऊ लागली आहे. एकेका चाळीत एक-दोन मंडळे धरली, शिवाय महिला मंडळ, क्रीडा मंडळ, भजनी मंडळ, गावकीची खोली, तर किती पेट्या झाल्या, मोजा. घर बदलण्याच्या घाईत त्या दोन-तीन वर्षांत संपतील. शंभर वर्षांचे संचित दोन-तीन वर्षांत!

परवा एका पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात हा विषय काढला तर एक शिकलेला उपासक म्हणाला, "दादा, तथागतांनीच सांगितलं आहे, सर्व संस्कार अनित्य आहेत. मग जुन्या वह्यांचा मोह कशाला?"

प्रश्न चांगला होता. मी म्हटले, सगळे अनित्य आहे म्हणून तर संघाने धम्म जपला. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. आनंदांनी धम्म सांगितला, उपालींनी विनय सांगितला, आणि सर्वांनी मिळून तो म्हटला. हे उपाली कोण? जातीने न्हावी. संघाचे नियम कुणाच्या स्मरणावर सोपवले गेले, हे लक्षात घ्या. कित्येक पिढ्या भिक्खूंनी पाठांतराने ते धन सांभाळले आणि पुढे श्रीलंकेत ताडपत्रांवर लिहून काढले. अनित्य आहे म्हणून सोडून द्या असे ते म्हणाले असते, तर आज आपण पंचशील कुठून घेतले असते?

आणि आपल्या लेण्यांत जाऊन पाहा. कार्ल्याला आपण सहलीने जातो, चैत्यगृहाची कमान पाहतो, फोटो काढतो आणि वडापाव खाऊन परततो. तिथल्या दगडावर दात्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकट गावचा सिंहदत्त नावाचा गंधी, म्हणजे अत्तरे विकणारा. त्याच गावचा सामि नावाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा. त्याने चैत्याचे दार केले. राजाराण्यांच्या दानाबरोबर सुताराचे नाव, त्याचा धंदा, त्याच्या बापाचे नाव, त्याचे गाव हे सगळे कोरून ठेवले आहे. दोन हजार वर्षे झाली. सातवाहन गेले, क्षत्रप गेले, पण सामि सुताराने दार केले हे आजही वाचता येते. वर्गणीची वही ठेवण्याची आपली परंपरा इतकी जुनी आहे, बंधूंनो! तेव्हाच्या संघाने ती दगडावर ठेवली, आपल्या वाडवडिलांनी फुलस्केपच्या वहीत ठेवली, एवढाच फरक.

आता त्या तीन वह्यांकडे येतो. त्यातली एक १९५६ ची निघाली. ऑक्टोबरच्या पानावर वर मथळा होता, 'नागपूर धम्मदीक्षा, गाडीभाड्यास मदत'. चाळीतल्या ज्यांच्याकडे नागपूरला जायचे पैसे नव्हते त्यांच्यासाठी ज्यांच्याकडे होते त्यांनी काढलेली वर्गणी. चौतीस ओळी. दोन रुपये, एक रुपया, आठ आणे. कुणाची सही, कुणाचा अंगठा. नावे वाचत गेलो तसतशी माणसे डोळ्यांपुढे येऊ लागली. हे बंदरावर कामाला होते, हे बोगी साफ करायचे, हे बँड वाजवायचे. आणि शेवटून तिसरी ओळ अशी होती: 'खोली नं. ४२ ची बाई. सव्वा रुपया.' पुढे जांभळ्या शाईतला अंगठा.

खोली नंबर ४२ आमची.

ती माझी आई. गिरणीत वायंडिंग खात्यात होती. ती स्वतः नागपूरला गेली नव्हती, कारण थोरला भाऊ तेव्हा तान्हा होता. पण जाणाऱ्यांसाठी तिने सव्वा रुपया दिला होता, हे तिने आम्हाला उभ्या जन्मात सांगितले नाही. सांगण्यासारखे काही केले असे तिला वाटलेच नसेल. तिला जाऊन एकोणीस वर्षे झाली. तिचा अंगठा मी पहिल्यांदा या वहीत पाहिला. आणि ही वही १९९१ साली त्याच गठ्ठ्यात होती. त्या वृद्ध सभासदांनी वाकून उचलली नसती तर माझ्या आईचा अंगठा मीच विकला होता.

पण त्या ओळीत आणखी एक गोष्ट टोचली. चौतीस ओळींत नऊ बायका आणि त्यांतल्या सात जणींना नाव नाही. 'खोली नं. अमुकची बाई', 'तमक्याची मंडळी'. धेनुकाकटच्या सुताराला दगडावर नाव मिळाले, आणि आमच्याच मंडळाच्या चिटणीसाला आमच्या बायकांची नावे विचारावीशी वाटली नाहीत. म्हणून जपणे म्हणजे नुसते बासनात बांधून ठेवणे नव्हे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांच्या घरी जाऊन, त्यांना बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. त्या वेळी त्यांतल्या पुष्कळ जणी वृद्ध झाल्या होत्या. आणखी दहा वर्षे कुणी गेले नसते तर काय उरले असते? वसंत मून यांनी नागपूरच्या आपल्या 'वस्ती'वर पुस्तक लिहिले म्हणून त्या वस्तीतली माणसे आज आपल्या ओळखीची आहेत. हे काम सरकारने केले नाही. आपल्याच माणसांनी, नोकऱ्या आणि संसार सांभाळून केले.

मी काय केले ते सांगतो. एका कोऱ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने आईचे पूर्ण नाव, तिचे माहेर, गिरणी आणि खाते लिहिले व ती चिठ्ठी त्या पानात ठेवली. मूळ वहीत काही खोडायचे नाही, लिहायचे नाही, हा नियम. उरलेल्या सहा जणींपैकी चौघींची नावे त्यांच्या नातवंडांना फोन करून मिळाली. दोघींची शोधतो आहे.

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. खर्च फारसा नाही, लक्ष मात्र हवे.

खोली खाली करण्यापूर्वी दोघांनी बसून पेटीतल्या वस्तूंची यादी करावी. फोटो किती, वह्या किती, कोणत्या सालच्या, ढाल-करंडक कोणते. यादीच्या दोन प्रती काढून दोन घरांत ठेवाव्यात. पेटी कुणाच्या घरी गेली ते यादीखाली लिहून त्याची सही घ्यावी.

वह्यांतल्या गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद खाते. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, ते पुन्हा निघत नाही. धुतलेल्या सुती कापडात वही बांधावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात दमट धरते आणि बुरशी येते. कडुनिंबाची वाळलेली पाने किंवा डांबरगोळ्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवाव्यात, कागदाला लागू देऊ नयेत. पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी आणि दिवाळीनंतर वर्षातून एकदा उघडून सावलीत वारा द्यावा. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांचे कपडे आणि वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या. पुढे कापड जीर्ण होऊ लागले तेव्हा त्यांवर तज्ज्ञांकडून शास्त्रीय प्रक्रिया करावी लागली. बाबासाहेबांच्या कोटालाही कसर सोडत नाही, तर आपल्या वहीला ती कशी सोडेल?

फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत. बॉलपेन नको. ज्यांना चेहरे ओळखता येतात ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. हे काम पुढच्या जयंतीवर ढकलू नका. मुलांच्या मोबाइलने दिवसाच्या उजेडात पानापानाचे फोटो काढून तीन घरांत ठेवा. म्हाताऱ्या माणसांचे बोलणेही त्याच मोबाइलमध्ये भरून घ्या. "बाबासाहेबांना पाहिलं होतं का?" एवढ्यावर थांबू नका. वर्गणी कोण मागायला यायचे, दंगलीच्या रात्री बायापोरांना कुठल्या खोलीत ठेवले होते, पहिली धम्मपद्धतीची लग्ने कुणाची लागली, जलशाला पेटी कोण वाजवायचे, असे विचारा. मग पाहा, माणूस कसा बोलता होतो!

मंडळ नोंदलेले असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढून ठेवा. नोंदणी कधी झाली, विश्वस्त कोण होते, मालमत्ता काय लावली, हे त्यात मिळते. घरची वही हरवली असली तरी तिथे धागा सापडू शकतो. मंडळाच्या नावाने भाडेपावती, वीजबिल जे असेल ते वेगळे जपा. पुनर्विकासाच्या बैठकीत आपण लिफ्ट किती, पार्किंग कुणाला, हे विचारतो. तिथेच उभे राहून मंडळाच्या खोलीचेही विचारा आणि विचारलेले इतिवृत्तात लिहून घ्या. बाबासाहेबांच्या पहिल्या संस्थेच्या उद्देशात सामाजिक केंद्र होते. बावीस मजल्यांच्या इमारतीत आपल्या पोरांना बसायला, वाचायला, खेळायला एक खोली नसेल, तर शंभर वर्षांपूर्वीचा तो उद्देश आपण बैठकीतच सोडून दिला असे होईल.

महिला मंडळाच्या भगिनींना विशेष विनंती. तुमच्या भिशीच्या वह्या, वर्षावासातल्या ग्रंथवाचनाच्या नोंदी, सहलीचे फोटो, हे सारे त्याच पेटीत गेले पाहिजे. आणि हजेरी लिहिताना 'अमक्याच्या मिसेस' नको. पूर्ण नाव लिहा.

त्या संध्याकाळी पेटी टॅक्सीच्या टपावर बांधून मी घरी आणली. तो तरुण सोबत आला होता. जिना चढताना म्हणाला, "काका, एवढं जड काय आहे हो यात?" वर आल्यावर मी त्याला १९५६ चे पान दाखवले. तो बोटाने ओळ न ओळ वाचत गेला आणि एका नावापाशी थांबला. "हे माझे पणजोबा." दोन रुपये दिले होते त्यांनी. तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, ही पेटी तुमच्याकडे नको. नव्या इमारतीत खोली मिळेपर्यंत माझ्याकडे ठेवतो."

मी त्याला यादी केली, सही घेतली आणि पेटी दिली. चिटणीस म्हणून माझे एक काम पस्तीस वर्षांनी पुरे झाले.

तुमच्या मंडळाची पेटी कुठे आहे? आज घरी गेल्यावर विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!